काठी कुठल्या बाजूला

प्रदेश राजधानी
भदौ २२, २०७५

मितज्यू हस्तबहादुर परियार यांस,
लोकमणि सापकोटाचा सप्रेम नमस्कार.

फोन करून उपयोग नाही हे अनुभवाने कळले आहे. वरातींपुढे नरसिंग्याचे शिंग फुंकून फुंकून तुमचे कान गेले, आणि हुरीभंज्याङला वारा सुटला की माझे बोलणे मलाच ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र जीपवाल्या सुकदेवबरोबर पाठवतो.

आनंदाची बातमी अशी, की आपल्या प्रदेशाचा झेंडा बदलायचे ठरले आहे. आताचा तुम्हाला माहीतच आहे. पांढऱ्या कापडावर गोल शिक्का, शिक्क्यात डोंगर, नदी, धरण, गाय, गुराँसची फुले आणि खाली दोन ओळी मजकूर. गेल्या महिन्यात एका परदेशी पाहुण्याने तो बघून विचारले, की इथला दवाखाना किती वाजता उघडतो. दुसऱ्याच दिवशी नऊ जणांची झेंडा पुनर्रचना समिती नेमली गेली. अध्यक्ष माननीय दलसूर शाही आणि सदस्य-सचिव अस्मादिक. छत्तीस वर्षे हेडमास्तरकी केली, ती अशी फळाला आली.

रंग ठरले आहेत. वर निळा, म्हणजे नद्या आणि विशाल अंतःकरण. मध्ये पांढरा, म्हणजे हिमाल आणि शांती. खाली किरमिजी, म्हणजे गुराँस आणि हुतात्म्यांचे रक्त. चिन्हे सध्या चौदा आहेत, चित्र सोबत जोडले आहे. काठमांडूहून रोनिश नावाचा एक तरुण डिझायनर आणला आहे, तो संगणकावर सगळे नीट बसवणार आहे.

आता खास तुमच्यासाठी. मी स्वतः ठराव मांडला, की दमाई समाजाचा नरसिंगा झेंड्यावर हवा, तोही काठीला लागून, पहिल्या मानाच्या जागी. सदस्यांनी टेबले वाजवली. झेंडा शिवायचा मान तुमचाच. मितिनीज्यूंना नमस्कार सांगा.

तुमचा मीत,
लोकमणि

*

हुरीभंज्याङ
असोज ३

मितज्यू लोकमणि सर,
जदौ.

मीत झाल्यावर जदौ म्हणायचं नसतं, ते दमाईनं बाहुन-बामणाला अंगणातून म्हणायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण सदस्य-सचिवांना काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं.

तुमचं पत्र मिळालं. नेहमीप्रमाणे पाठकोऱ्या कागदावर. मागे सहावीचा गणिताचा पेपर होता. दोन गणितं मी सोडवली, तिसऱ्यात तुमचीच चूक आहे.

बायकोला, तुलीमायाला, तुमचा नमस्कार सांगितला आणि चित्र दाखवलं. ती म्हणाली, "हे काय, बाजाराची यादी?" मी म्हटलं, "अगं, प्रदेशाचा झेंडा आहे." ती म्हणाली, "मग मीठ राहिलं."

मितज्यू, चौदा चिन्हं! गाय आहे, बोकड आहे, धरण आहे, यंत्राचं चाक आहे. कस्तुरीमृगाच्या पोटाखाली काहीतरी आहे, ते मला चहाचं पान वाटतंय आणि तुलीमायाला उंदीर. जुन्या झेंड्याला लोक दवाखाना समजत होते, याला जत्रा समजतील. नऊ शहाणी डोकी एकत्र आली आणि एवढं झालं. एकालाच बसवलं असतं तर कमी बिघडलं असतं.

शेहेचाळीस वर्षं मी झेंडे शिवतोय. देवीच्या ध्वजा शिवल्या, शाळेचे शिवले, सगळ्या पक्षांचे शिवले. निवडणुकीत सकाळी एकाचा आणि दुपारी दुसऱ्याचा. पुढारी ह्या झेंड्याखालून त्या झेंड्याखाली गेले, तरी कापड माझ्याच कात्रीखालून जातं. म्हणून फुकटचा सल्ला देतो. झेंडा लांबून बघतात, वाऱ्यात बघतात आणि दोन्ही बाजूंनी बघतात. तीन रंग आणि फार तर तीन चिन्हं. शेळी राखणाऱ्या म्हातारीला समोरच्या डोंगरावरून ओळखता आला पाहिजे. रोनिशबाबूंना विचारा, संगणकाला वारा लागतो का.

आता नरसिंग्याचं. गेल्या दशैंला इथल्या देवीची ध्वजा मी शिवली. पुजाऱ्यानं ती पायरीवर ठेवायला लावली, तांब्यात सोन्याची अंगठी बुडवली आणि ते सुनपानी ध्वजेवर शिंपडलं. तेव्हा कुठे माझ्या हातांचा विटाळ गेला आणि ती वर चढली. वाऱ्यानं काठी हलली म्हणून तुलीमायानं धरली, तर वरून कोणीतरी ओरडलं, "ए दमिनी, हो बाजूला!" ते मला ह्या कानांनीही ऐकू आलं. तुम्ही आत, घंटेपाशी होतात. तुम्हाला ऐकू आलं नसेल.

तुमच्या आईची दोन मुलं गेली, तेव्हा जोतिषानं सांगितलं, की तिसऱ्याचं दमाईच्या पोराशी मीत लावा. यम दारात आला तरी नाक मुरडून परत जाईल. तुम्ही पाच वर्षांचे, मी सहाचा. तुमच्या अंगणात आपण टोप्या बदलल्या, एकमेकांना टिळे लावले, आणि तुम्ही जगलात. उंबऱ्याच्या आत मला त्या दिवशीही घेतलं नाही आणि नंतरही नाही. पुढे तुम्ही गोठ्यात चोरून मला अक्षरं शिकवलीत. तेही मी विसरलेलो नाही.

तुमच्या समितीला माझ्या लेखी कवडीची किंमत नाही. पण नरसिंगा मला हवा आहे, मितज्यू. खरंच हवा आहे. ज्या कापडावर तो असेल, त्याच्यासमोर शाहीसाहेबांना छातीवर हात ठेवून उभं राहावं लागेल. त्यावर कोणी सुनपानी शिंपडणार नाही. पासष्टी आली, एवढं एक बघून जायचं आहे.

हस्तबहादुर

*

प्रदेश राजधानी
कात्तिक २९

मितज्यू,

तुमच्या पत्राची भाषा जरा कडक होती. पण मीत मितावर रागवत नसतो.

तिहारच्या आधी दोन बैठका झाल्या. योगायोग पाहा, रोनिशनेही तेच सांगितले, की तीन रंग आणि तीनच चिन्हे. त्याच्या बुद्धीचे सर्वांनी कौतुक केले. मग चौदातली अकरा गाळायला पाच तास लागले. बोकडाच्या बाजूचे सदस्य सभात्याग करून गेले आणि चहा आल्यावर परत आले. शेवटी उरले ते असे: पुस्तक, हिमाल आणि नरसिंगा. तुमचा नरसिंगा टिकला, मितज्यू! गाय गेली, पण तो टिकला.

जागेत मात्र एक लहानसा बदल झाला आहे. काठीला लागून आता पुस्तक आहे, मध्ये हिमाल, आणि नरसिंगा दुसऱ्या टोकाला. माननीयांचा फार आग्रह पडला, मी नको नको म्हणत होतो. पण नीट विचार केला तर हे जास्तच चांगले झाले. वारा सुटला की झेंड्यात सर्वांत पुढे कोण असते? टोक! लग्नाच्या वरातीत नरसिंगावाला सगळ्यांच्या पुढे चालतो, तसेच हे. झेंड्याचा अधिकृत अर्थ म्हणून मी लिहिले आहे, 'वंचित समाज प्रगतीच्या वाटेवर अग्रभागी.' वाक्य माननीयांना इतके आवडले, की त्यांनी ते दोनदा म्हणायला लावले.

झेंडा पहिल्यांदा माघे संक्रान्तीला तुमच्याच हुरीभंज्याङला चढवायचा आहे. तिथे वारा हमखास असतो, छायाचित्र छान येते. पक्के चित्र सोबत पाठवतो. घाईत हाताला लागला त्या कागदावर काढले आहे, पण मापे बरोबर आहेत.

लोकमणि

*

हुरीभंज्याङ
मंसिर ६

मितज्यू,

चित्र पोचलं. कागद नीट बघितला, दोन्ही बाजूंनी.

तुम्ही मास्तर होतात, तेव्हा आज मी तुम्हाला धडा देतो. आपल्याकडे रोज अकराच्या सुमाराला दक्षिणेकडून वारा येतो आणि दिवस मावळेपर्यंत थांबत नाही. झेंड्याची काठीकडची बाजू दोरीला बांधलेली असते. तिला काही होत नाही, ती कापड संपेपर्यंत टिकते. मोकळं टोक दिवसभर फटके खातं. आधी शिवण सुटते, मग दशा निघतात, मग चिंध्या. शाळेचा झेंडा महिन्यात चार बोटं झिजतो, आणि फागुन-चैतात वारा पिसाळला की वीतभर जातो. मग शिपाई तो माझ्याकडे आणतो. मी झिजलेलं कापून टाकतो, कड दुमडतो, टीप मारतो आणि परत देतो. शेहेचाळीस वर्षं हेच करतोय. दरवेळी झेंडा तेवढा आखूड होतो आणि टोकाला जे असेल ते जातं.

त्या टोकाला तुम्ही नरसिंगा नेऊन ठेवलात. आणि त्याला म्हणता अग्रभागी! ज्यांनी जन्मात कधी झेंडा धुतला नाही, उसवलेला हातात घेतला नाही, नुसती त्याच्याखाली भाषणं ठोकली, त्यांनाच असलं सुचतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

वरातीत नरसिंगावाला पुढे चालतो, खरं आहे. मांडवात पोचल्यावर तो कुठे बसतो, तेही लिहा ना तुमच्या अधिकृत अर्थात. गोठ्याशी बसतो. त्याच्या पानावर भात वरून टाकतात, पानाला पळी लागू नये म्हणून. तुमच्या बहिणीच्या लग्नात मी तिथेच बसून जेवलो. तुम्ही मला लोणचं आणून दिलंत, तेही वरूनच.

मागणी एकच आहे. हे पत्र समितीत वाचून दाखवा. नरसिंगा काठीशी आणा, पुस्तक टोकाला जाऊ दे. पुस्तक झिजलं तर नवीन छापता येतं. ते जमत नसेल तर नरसिंगा काढूनच टाका. माझ्या हातानं तो शिवायचा आणि चैतात माझ्याच कात्रीनं कापायचा, हे माझ्याच्यानं होणार नाही.

ह्या बाबतीत आणखी काही सांगायचं असेल, तर तेही सांगा. मी वाट बघतो.

हस्तबहादुर

*

प्रदेश राजधानी
पुस २

मितज्यू,

तुमचे पत्र समितीत अथपासून इतिपर्यंत वाचले. सगळे अगदी भारावून गेले. माननीयांनी तर चष्मा काढून पुसला. परंतु चित्र मंत्रिमंडळाकडे गेलेले आहे, आता त्यात बदल करणे कोणाच्याच हातात नाही.

रागावणार नसाल तर एक सांगतो. दोऱ्याचे तुम्हाला कळते, त्याबद्दल वाद नाही. पण अर्थ ही वेगळी गोष्ट आहे. अर्थ वाऱ्याने झिजत नाही. प्रत्येक गोष्टीत अपमान शोधायची सवय चांगली नाही, त्याने तुमच्याच समाजाचे नुकसान होते. चौदातून तीन उरली त्यात तुमचे एक आहे, याचा आनंद मानायचा की जागेवरून भांडायचे? देवीच्या देवळातही सगळे गाभाऱ्यात मावत नाहीत.

शिवायचे नसेल तर तसे कळवा. इथे एक कंत्राटदार तयार आहे, त्याच्याकडे मशीन आहे. पण तुमच्या गावात, तुमच्या डोळ्यांदेखत, परक्याने शिवलेला झेंडा चढला तर लोक मला विचारतील. आणि मीत मिताला नाही म्हणत नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणखी काही सांगण्यासारखे नाही.

लोकमणि

*

हुरीभंज्याङ
पुस ९

मितज्यू,

बरं. शिवतो.

दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. मंच काठीच्या कुठल्या बाजूला घालणार? आणि झेंडा तंतोतंत कागदावर आहे तसाच दिसायला हवा ना? दोन्ही उत्तरं लिहून, खाली सही करून पाठवा. पुढे कोणी म्हणायला नको, की दमाईनं आपल्या मनानं केलं.

हस्तबहादुर

*

प्रदेश राजधानी
पुस १५

मितज्यू,

तुम्ही समजूतदारपणा दाखवलात, बरे वाटले. मंच शाळेच्या पटांगणात, म्हणजे काठीच्या पश्चिमेला. झेंडा मंचावरून हुबेहूब कागदासारखा दिसला पाहिजे. माननीय हातात कागद धरून ताडून बघणार आहेत, बोटभरही फरक नको. खाली सही आणि समितीचा शिक्का आहे.

चढवण्याआधी पुजारी छोटीशी पूजा करतील. थोडे सुनपानीही होईल. जुनी पद्धत आहे, मनाला लावून घेऊ नका.

लोकमणि

*

प्रदेश राजधानी
माघ ५

मितज्यू,

काय तो सोहळा! झेंडा वर गेला, वाऱ्याने एक फटका मारला आणि उलगडला. माननीयांनी कागद समोर धरला. डावीकडे पुस्तक, मध्ये हिमाल, उजवीकडे नरसिंगा. "हुबेहूब!" म्हणाले आणि स्वतः टाळी वाजवली. नऊच्या नऊ सदस्य छातीवर हात ठेवून उभे होते. माझ्या शेजारी रोनिश होता, तो म्हणाला, "सर, इतकं सुबक काम संगणकातही होत नाही." सगळ्या वर्तमानपत्रांत छायाचित्र आले आहे, कात्रण सोबत पाठवतो.

तुमच्या गळ्यात घालायला मानाचा खादा आणला होता. पण पूजा सुरू झाली तेव्हा तुम्ही पायऱ्यांखाली उभे दिसलात, आणि नंतर शोधले तर नव्हतात. खादा मग माननीयांच्या ड्रायव्हरला घातला. जेवायला तरी थांबायचे होते. मितिनीज्यूंसाठी सेलरोटी बांधून ठेवली होती, ती सुकदेवने जीपमध्येच खाल्ली म्हणे.

काही असो, तुमच्या मनासारखे झाले ना? नरसिंगा सगळ्यांनी पाहिला.

लोकमणि

*

प्रदेश राजधानी
चैत ११

हस्तबहादुर,

हे तुम्ही काय करून ठेवलेत?

काल सभागृहात बोकडवाल्या सदस्याने हुरीभंज्याङच्या झेंड्याचे छायाचित्र फडकवले. नरसिंगा काठीशी कोरा करकरीत, आणि पुस्तकाच्या चिंध्या! वर विचारतो, "ह्या प्रदेशात ज्ञान वाऱ्यावर सोडलं आहे, असा अर्थ घ्यायचा का, सदस्य-सचिव?" सगळे सभागृह हसत होते. माननीयही हसत होते. आज सकाळी त्यांनी मला बोलावले आणि अर्धा तास बाहेर बाकावर बसवून ठेवले. छत्तीस वर्षांत असे मला कोणी बसवले नव्हते.

रोनिशने छायाचित्र मोठे करून पाहिले, तेव्हा कुठे उलगडा झाला. दोरी दुसऱ्या टोकाला लावली आहे! तुम्ही झेंडा उलटा बांधलात. जाणूनबुजून. मितपणाच्या नावाखाली माझा विश्वासघात केलात. मी तुम्हाला मान मिळवून दिला आणि तुम्ही माझे नाक कापलेत. खरे सांगायचे तर लोक म्हणत होते, की ह्या जातीला डोक्यावर घेऊ नका. मी ऐकले नाही.

झेंडा ताबडतोब उतरवून घ्या, झिजलेले कापा, आणि दोरी योग्य बाजूला लावून परत चढवा. यापुढे पत्र समितीच्या नावाने पाठवा.

सापकोटा
सदस्य-सचिव

*

हुरीभंज्याङ
चैत १९

झेंडा पुनर्रचना समितीचे सदस्य-सचिव, आणि माझे मितज्यू,

दोघांनाही एकच पत्र लिहितो. तुम्ही आपसांत वाटून घ्या.

मी कागदाबाहेर एक टाकाही घातलेला नाही. तुमचं चित्र पुन्हा काढून बघा. त्यात पुस्तक आहे, हिमाल आहे, नरसिंगा आहे, तिन्ही रंग आहेत. काठी नाही. नऊ विद्वान आणि एक संगणक, कोणालाच काठी काढायचं सुचलं नाही. झेंडा हवेत आपोआप उभा राहतो, असं वाटलं असेल. आमच्या सहा वर्षांच्या नातीला झेंडा काढायला सांगितला, तर ती आधी उभी रेघ मारते.

वारा इथे दक्षिणेचा. मंच पश्चिमेला. म्हणजे मंचावरून बघणाऱ्याला काठी उजव्या हाताला आणि झेंडा डावीकडे उडणार. पुस्तकाच्या बाजूला दोरी लावली असती, तर माननीयांना सगळं उलटं दिसलं असतं, आणि त्यांनी भर सोहळ्यात तुमची शोभा केली असती. मी नरसिंग्याच्या बाजूला लावली, म्हणून हुबेहूब दिसलं. सही-शिक्क्याचा तुमचा कागद मी जपून ठेवला आहे. नऊ जणांनी छातीवर हात ठेवून त्याला सलाम केला. तुम्हीही केलात, आणि घरी जाऊन मला शाबासकी लिहिलीत. काठी कुठल्या बाजूला आहे हे कळायला तुम्हाला सव्वादोन महिने आणि बोकडवाला लागला.

आता कागदाच्या मागच्या बाजूबद्दल. पाठकोऱ्यावर लिहायची तुमची सवय. कात्तिकात तुम्ही चित्र ज्या कागदावर काढलंत, त्याच्या मागे तिसऱ्या बैठकीच्या वृत्तान्ताचा कच्चा खर्डा होता. अक्षर तुमचं. जसंच्या तसं उतरवतो: 'सदस्य-सचिव सापकोटा यांनी सुचविले, की प्रथम स्थानी वाद्य शोभत नाही, तेथे ग्रंथ असावा व वाद्य कडेला न्यावे. अध्यक्षांनी विचारले, की दमाई समाजाला हे चालेल काय? सापकोटा म्हणाले, तो माझा मीत आहे, मी समजावीन.'

शाहीसाहेबांनी निदान विचारलं तरी. त्यांच्याविषयी मी उगाच वाईट बोललो. तेवढं त्यांना सांगा.

मंसिरात मी तुम्हाला लिहिलं होतं, की आणखी काही सांगायचं असेल तर सांगा, वाट बघतो. मला वाटलं होतं, तुम्ही सांगाल. एक ओळ लिहिली असती, 'मितज्यू, माझं चुकलं, मला पुस्तक तिथे हवंसं वाटलं,' तर मी दोरी तुम्ही म्हणाल त्या बाजूला लावली असती आणि चैतात मुकाट्यानं नरसिंगा कापला असता. खरं सांगतो, कापला असता. त्यानंतर तुमची चार पत्रं आली. पहिल्यात माननीयांनी चष्मा पुसला. माझं पत्र तुम्ही तिथे वाचलंच नाहीत, हे मला तेव्हाच कळलं. ते ऐकून चष्मा पुसणारा माणूस झेंड्याच्या समितीत बसत नाही.

तो खर्डा मी ज्या अक्षरांच्या जोरावर वाचला, ती तुम्हीच मला गोठ्यात शिकवली होतीत. चुकलं की गवताच्या काडीनं हातावर मारायचात आणि मग स्वतःच हसायचात. तेवढं एक तुम्ही मनापासून केलंत, त्याचे आभार मानतो. मितपण तोडता येत नाही. तुम्ही आधी गेलात तर मी सुतक पाळीन, मी आधी गेलो तर तुम्ही पाळा. निदान घरच्यांना ठाऊक होऊ न देता पाळा.

काल शिपायानं झेंडा आणून दिला. तुमच्या हुकुमाप्रमाणे झिजलेलं कापलं, कड दुमडली आणि दुहेरी टीप मारली. दोरी मात्र होती तिथेच आहे. ती हलवायची असेल तर कंत्राटदाराला पाठवा, त्याच्याकडे मशीन आहे. आज अकराला झेंडा परत चढला. वीतभर आखूड झालाय. हिमाल आहे, नरसिंगा आहे. तुलीमायानं काठी धरली होती, कोणी काही बोललं नाही. कदाचित वाऱ्यात मला ऐकू आलं नसेल.

कापलेला तुकडा ह्या पाकिटात घालून पाठवतो. पुठ्ठा वाऱ्यानं खाल्ला, पानं निम्मी उरली आहेत. पुस्तक तुमचं आहे, तुमच्याकडेच असू द्या. हात लावण्याआधी सुनपानी शिंपडून घ्या. त्याला माझी कात्री लागली आहे.

तुमचा मीत,
हस्तबहादुर